भिंतीवरचा वॉकर

प्रार्थनाघराची डावीकडची भिंत शीलाला बघवत नसे. बरे झालेल्यांच्या वस्तू तिथे खिळ्यांना टांगायची, ही ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत. कोणाची कुबडी, कोणाचा कमरेचा पट्टा. आणि सगळ्यांच्या वर, चकचकीत, धर्मेंद्रचा वॉकर.

धर्मेंद्र तिचा दीर. लामत्याहून बालाघाटला येताना रानडुक्कर आडवं आलं आणि एका मोटारसायकलवरचे दोघे भाऊ एकदमच रस्त्यावर आपटले. धर्मेंद्रच्या मांडीचं हाड मोडलं. मागे बसलेल्या प्रेमलालचा, शीलाच्या नवऱ्याचा, मणका दुखावला. मंडळीने दोघांसाठी मिळून उपास धरले, मिळून प्रार्थना केली. धर्मेंद्र चालायला लागला. प्रेमलाल खाटेवरच राहिला.

"एकाच दमात मागतलं होतं ना आमी?" भांडी घासताना शीला देवालाच जाब विचारायची. "मंग वाटताना हात काहून आखडला?"

धाकटी जाऊ मयुरी, धर्मेंद्रची बायको, दर रविवारी उभी राहून नवरा बरा झाल्याची गवाही, म्हणजे साक्ष, द्यायची, मंडळी टाळ्या वाजवायची. टाळ्यांचं शीलाला इतकं नव्हतं. धर्मेंद्रच्या चपला सलायच्या. दारावरून फटक फटक आवाज गेला की ती टीव्ही मोठा करायची.

प्रेमलालच्या पायांत थोडी ताकद आली, तेव्हा व्यायाम करून घेणारा डॉक्टर म्हणाला, वॉकर असला तर अंगणापर्यंत जाता येईल.

"धर्माचा टांगलाच आहे ना तिथं," प्रेमलाल म्हणाला. "मयुरीले माग."

"तिच्यापुढं मी हात पसरू?"

"तिच्यापुढं काहून? भिंतीपुढं पसर."

"हसू नका! चमत्कार त्यांचा, आन् आपल्याले त्याचं उष्टं?"

शिवाय त्या भिंतीवरून आजवर कोणी काही काढलेलं नव्हतं. काढलं तर बरेपण परत दिल्यासारखं होतं, असं मंडळी धरून चालायची. शीलाने विषय मिटवला.

रविवारी प्रेमलाल अडूनच बसला, "मले घेऊन चला." शेजारच्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेलं. मयुरीची गवाही झाली, टाळ्या झाल्या. पास्टरने विचारलं, "और किसी की गवाही?"

प्रेमलालचा हात वर.

शीलाने त्याची बाही ओढली. "काय सांगता? बरे तं झाले नाही तुमी!"

"हौ जी, बरा नाही झालो," तो सगळ्यांनाच म्हणाला. "तरी गवाही आहे माही. धर्मा उठला तवा लय जळलो मी. त्याच्या चपला वाजल्या का दात खायचो. बायको टीव्ही मोठा करे, मले वाटे, बरं झालं बाप्पा."

शीला चमकली. हा तिकडे जळतोय हे तिला कधी कळलंच नव्हतं. ती एकटीच पापी, असं समजून बसली होती.

"मंग पडल्या पडल्या ध्यानात आलं. येशू मेलेल्यातून उठला, पन हातातले घाव तसेच ठेवले त्यानं. बुजवता आले नसते काय? चेला थोमा मानेना, त्याले म्हणे, घावात बोट घाल. त्याले घावाची लाज नाही, तं मले काहून? आता ज्याले रडायचं आहे थो माह्या खाटेजवळ येऊन बसते. चालत्या माणसाजवळ कोन बसते जी?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"तवा एक मागतो. थो वॉकर काढा. मले पायजे."

तुळसाबाई, मंडळीतली सगळ्यांत वडील, ताडकन उठली. "अवो, काढू नये! प्रभूले दिला आहे थो."

मयुरीचा चेहरा उतरला. "दादा, आमी नवा आणून देतो ना. हा राहू द्या."

तिचा उतरलेला चेहरा बघून शीलाला क्षणभर गोडच वाटलं. मग त्या गोडीचीच तिला किळस आली. ती उभी राहिली.

"मयुरी, नवा नको. हाच दे."

"जीजी, पन..."

"मी जळतो तुह्यावर. आताही जळून राह्यली. तुहा माणूस चालते, माहा नाही. म्हणूनच मागायले जीभ उचलत नव्हती. पन दे."

पास्टर काही बोलायच्या आत धर्मेंद्र स्टुलावर चढला. त्याने वॉकर खाली काढला, पदराने पुसायला मयुरीपुढे धरला. तिने डोळे पुसले, मग वॉकर पुसला. धर्मेंद्र गुडघ्यांवर बसून भावाच्या उंचीप्रमाणे वॉकरच्या पायांची बटणं दाबत राहिला. मान काही वर झाली नाही.

"गाडी मी चालवत होतो, दादा."

"आन् डुकराले काय मी बोलावलं होतं? नीट लाव, वाकडा लागला आहे."

प्रेमलाल उभा राहिला. थरथरत, घामेघूम. शीलाने मागून त्याची कंबर धरली. तुळसाबाई पुटपुटत का होईना, वाटेतली सतरंजी गुंडाळू लागली. धर्मेंद्र भावाकडे तोंड करून उलटा चालायला लागला, अगदी सहज, मागे न बघता.

त्या सहजपणाने शीलाच्या मनात पुन्हा जळजळ उठली. या वेळी तिने ती दाबली नाही.

"प्रभू, हे बी घे," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या पावलामागे आपलं पाऊल टाकलं.