सगळ्या अटींना व्हय म्हणणारी बाई

एका बाईनं मला फसवलं, आणि तिच्या वतीनं मी माझ्या शेजारणीला फसवलं. यातला दुसरा भाग लिहायला मला जड जातं, पण खरा तोच आहे. पहिला भाग सांगत मी वर्षभर गावभर भांडत फिरले. दुसरा भाग कोर्टात बोलले तेव्हाच माझ्या पोटातली आग थोडी निवली.

निपाणीत माझं मिरचीचं दुकान आहे. ब्याडगी, संकेश्वरी, दोन्ही ठेवते. हे दुकान मला सासऱ्यानं दिलेलं नाही की नवऱ्यानं थाटून दिलेलं नाही. त्याआधी बारा वर्षं मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. कारखान्यातला माल तपासणारा रोज माझ्या विड्यांतून मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळायचे नाहीत, आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. एक दिवस मी त्या सगळ्या छाट विड्या त्याच्या टेबलावरून उचलल्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून मोडल्या. “छाट हाय न्हवं? मग तुला कशाला पायजे?” म्हटलं. काम गेलं, पण त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका बोलणी करायची वेळ आली की मला पुढं घालायला लागल्या. घरमालक असो, लग्नातल्या देण्याघेण्याची याद असो, शाळेची फी असो. आक्का ओरडते पण फसत नाही, अशी माझी कीर्ती झाली. मलाही ती आवडायची. लई आवडायची.

शेजारीण त्या बारा वर्षांत माझ्या बाजूला बसून विड्या वळायची. ती अजूनही वळते. नवरा गेलेला, एक मुलगी. मुलगी पंधराची, नववी पास झालेली. आईला खोकल्यानं घेरलं तेव्हा दहावीच्या वर्षातच तिची शाळा सुटली.

मला फसवणारी ती बाई आमच्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन चार महिने राहिली होती. हळदीकुंकवाला यायची, कुणाचं पोर तापलं तर रिक्षा बोलवायची. बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात आक्का. एक दिवस तिनं गोव्यातल्या एका घराचा विषय काढला. म्हातारं जोडपं आहे, मुलगा परदेशी, घरात सोबतीला एखादी शहाणी मुलगी हवी. शेजारणीनं मला हाक मारली. “तू बोल गं. मला न्हाय जमत.”

मी बोलले. शेजारणीच्या उंबऱ्यावर बसून तासभर बोलले. मुलीचा फोन तिच्याजवळच राहील आणि रोज संध्याकाळी आईशी बोलणं होईल. व्हय आक्का. दहावीचा फॉर्म बाहेरून भरायचा आणि परीक्षेला महिनाभर आधी घरी पाठवायचं. व्हय आक्का. आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च मालकाचा. व्हय आक्का. दर दोन महिन्यांनी आई जाऊन बघून येईल, जाण्यायेण्याचं भाडंही त्यांचंच. व्हय आक्का, त्यात काय एवढं!

मी खूश. प्रत्येक अट मान्य झाली की मी शेजारणीकडं बघायची, बघ कशी वाकवली म्हणून. शेवटी दुकानाचं पावतीपुस्तक आणलं आणि सगळ्या अटी लिहून काढल्या. माझ्या पुस्तकात एकावेळी तीन प्रती निघतात. पांढरी तिला दिली, गुलाबी मुलीच्या हातात दिली, पिवळी पुस्तकात राहिली. तिची सही घेतली. नुसत्या सहीवर मी कधी भागवत नाही, म्हणून पिवळ्या प्रतीवर अंगठाही उमटवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बेळगावच्या गाडीनं दोघी गेल्या. मुलीनं खिडकीतून हात हलवला. मी तिला ओरडून सांगितलं, “पावती जपून ठेव गं!”

त्याच दिवशी दहाच्या सुमारास दुकानात एक म्हातारा आला. किलोभर मिरची घ्यायची होती आणि त्यासाठी त्यानं माझं डोकं अर्धा तास खाल्लं. देठ काढून वजन कर म्हणे. मी म्हटलं, देठासकट भाव आहे. तो म्हणाला, मग देठाचे पैसे वजा कर. मिरची ओली आहे, तराजू वाकडा आहे, पिशवी फाटकी आहे.

“आप्पा, घ्यायची न्हाय तर वाट सोड की!” मी खेकसले.

“घ्यायची हाय म्हणून तर भांडतोय की गं,” तो शांतपणे म्हणाला. “घ्यायची नसती तर कशाला तोंड वाजवू?”

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. काल ती बाई कशावरही भांडली नव्हती. जो माणूस अट पाळणार असतो, तो अटीवर घासाघीस करतो, कारण त्याला ती खिशातून, वेळेतून, झोपेतून पाळायची असते. दवाखान्याचा खर्च कुठपर्यंत, दोन महिन्यांऐवजी तीन चालतील का, सणाला मुलगी गेली तर आमचं कोण बघणार, असं एक तरी वाक्य यायला हवं होतं. मी आयुष्यभर बाजारात बसलेली बाई, आणि मला हे मिरचीच्या देठावरून कळावं!

म्हाताऱ्याला देठाचे पैसे सोडले, शटर ओढलं. मुलीचा फोन लावला, बंद. बाईचा लावला, बंद. शेजारणीच्या दारात गेले. ती सूप घेऊन बसली होती. माझा चेहरा बघून तिचं पान कापणं थांबलं. मी सांगितलं. ती काही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तू बोललीस म्हणून पाठवली गं मी.”

मुलांच्या मदतीसाठी सरकारचा फोन असतो, त्यावर कळवलं आणि दोघी पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या टेबलावरचा माणूस म्हणाला, आईनंच पाठवली आहे, संध्याकाळपर्यंत वाट बघा, पोहोचली की फोन येईल. मग माझा आवाज चढला. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आतून एक तरुण बाई फौजदार बाहेर आली. “आक्का, भांडण नंतर करू. गाडी कितीची होती ते सांगा. बाईचा फोटो आहे का?” फोटो नव्हता. मी पावतीपुस्तक पुढं केलं. तिनं अंगठा बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “मिरचीच्या दुकानात अंगठा घेता?”

“उधारीला घेते.”

तिनं तिथूनच बेळगावला फोन लावायला सुरुवात केली.

दुपारी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, दबका बायकी आवाज. “तुमचं मिरचीचं दुकान हाय काय? हितं बेळगावजवळ पिरनवाडीत माझं किराणा दुकान हाय. एक पोरगी आलती. गुलाबी पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, यावरच्या नंबरला फोन लावा, मी हितं हाय म्हणून आईला सांगा. तिच्यासोबतची बाई बाहेर उभी होती, म्हणून मी तिच्यासमोर काय बोलले न्हाय.”

काय घडलं ते मुलीनं नंतर सांगितलं ते असं. बेळगावात उतरल्यावर बाईनं फोन काढून घेतला, जपून ठेवते म्हणून. पिरनवाडीच्या एका खोलीत नेलं. तिथं आणखी दोन मुली होत्या, आणि राखणीला गाडीचा मालक. संध्याकाळी त्याची गाडी येणार आणि जांबोटीच्या रस्त्यानं गोव्याला जायचं. मग बाईनं तिच्या हातात सरकारी शिक्क्याचा एक दाखला दिला. त्यावर तिचा फोटो, दुसरंच नाव आणि वय एकोणीस. कुणी विचारलं तर हेच सांगायचं. मुलगी नववी शिकलेली, तिला वजाबाकी येत होती. म्हाताऱ्या जोडप्याला एकोणीसची मुलगी कशाला लागते, हेही तिला तेवढ्यात कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. बायकांचं सामान घ्यायचं आहे म्हणाली. ते मागायला पुरुष माणूस कसा जाणार, आणि नाही तरी कसं म्हणणार? बाईच सोबत गेली आणि दुकानाच्या बाहेर उभी राहिली.

मी तो नंबर फौजदारबाईला दिला, किराणावालीनं खोली दाखवली आणि गाडी यायच्या आत पोलीस पोहोचले. तिघी मुली सुटल्या. बाई आणि गाडीचा मालक सापडले. बाकीच्या दोघींतली एक आधीच दोन महिने कुठंतरी ठेवलेली होती. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढं सांगते की कोर्टात सगळ्यात मोठ्यानं तीच बोलली.

मुलगी बालगृहात काही दिवस राहून घरी आली. शेजारीण मात्र माझ्याशी बोलेना. सूप घेऊन दारात बसायची ती आत बसायला लागली. मी मिरची दिली तर घ्यायची आणि पैसे मोजून उंबऱ्यावर ठेवायची. तिच्याकडून मी कधी पैसे घेतले नव्हते. तेवढ्यावरून कळायचं.

दरम्यान मिटवामिटवी करणारे आले. तिघे जण, पांढरे कपडे, गावात मान असलेले. मी त्यांना मिरचीच्या पोत्यांजवळ उभं केलं आणि मागं कांडप चालू ठेवलं. ठसकत ठसकत एकजण म्हणाला, “आक्का, पोरगी सुखरूप आली न्हवं? मग कोर्टात कशाला तिची अब्रू? तू तर मिटवणारी बाई.”

“देठाचं मिटवते मी,” म्हटलं. “पोरीचं न्हाय.”

“तुझंबी नाव येईल त्यात. बोलणी तूच केलीस म्हणतात.”

“येऊ दे की. बसा, अजून एक पोतं कांडायचंय.” ते बसले नाहीत.

पण तो मला भिववून गेला, हे कबूल करते. साक्षीच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बेळगावच्या कोर्टात त्या बाईच्या वकिलानं तेच विचारलं. कन्नडमध्ये, सावकाश, मजा घेत. म्हणजे व्यवहार तुम्हीच ठरवलात? तुम्हीच दलाल ना?

शेजारीण मागच्या बाकावर होती. मी म्हटलं, “हो, मीच ठरवला. मी हुशारी करायला गेले आणि पोर तिच्या हातात दिली. म्हणूनच तर मी इथं उभी आहे. तुमच्या बाईचं नाव खोटं निघालं, साहेब. पण अंगठा माझ्या पुस्तकात आहे.” आवाज चढला होता. न्यायाधीशांनी खाली घ्यायला सांगितला, मी घेतला. पिवळी प्रत त्यांच्या हातात गेली, अंगठा जुळल्याचा अहवाल सोबतच होता.

त्या दिवशी परतीच्या गाडीत शेजारीण माझ्या शेजारी येऊन बसली. संकेश्वर मागं पडलं. मग पिशवीतून भाकरी काढून अर्धी माझ्या हातात दिली. “काल जेवली न्हाईस म्हणं,” म्हणाली.

बाईला आणि गाडीवाल्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मुलगी स्वतः हट्टानं आली होती, पुढच्या बाकावर बसली होती. ती दहावी पास झाली, आता कॉलेजात कॉमर्सला आहे. सुट्टीला दुकानात बसते आणि माझ्या पावत्यांवरच्या बेरजेच्या चुका काढते. गिऱ्हाईकाशी माझ्यापेक्षा थंडपणे घासाघीस करते. परवा एका बाईनं सगळं निमूट मान्य केलं तर हिनं मालच दिला नाही. “आधी पैसे दाखवा,” म्हणाली. मला हसू आलं.

पण माझं एक येणं बाकी आहे. तिघींच्या हातात तसले तीन दाखले होते. तिन्हींवर वय एकोणीस, एकच शिक्का, एकच उजवीकडं कललेली सही. मी रोज सह्या बघते, मला ओळखू येतात. दाखले देणाऱ्या कचेरीत विचारायला गेले तर एका खिडकीत म्हणतात शिक्का बनावट असेल, दुसऱ्या खिडकीत म्हणतात त्या वेळचा माणूस बदलून गेला. बनावट असेल तर बनवला कुणी? खरा असेल तर मारला कुणी? शिक्का आपल्या पायानं चालत कागदावर जात नाही.

ती सही करणारे तुम्ही जे कोण असाल ते हे वाचत असाल, नाहीतर तुमच्या घरातलं कुणी वाचत असेल. पंधरा वर्षांच्या मुलीच्या फोटोखाली तुम्ही एकोणीस लिहिलंत, आणि त्या कागदाच्या जिवावरच ती गाडी जांबोटीचे नाके ओलांडणार होती. मी माझी चूक भर कोर्टात, शेजारणीच्या देखत, आवाज खाली घेऊन कबूल केली. आता तुम्ही त्याच पिंजऱ्यात उभे राहा आणि सांगा, ती चार वर्षं तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून वाढवलीत?