गोलकीपरच्या पुढची जागा

दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा माझा व्यवसाय आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये माझी अठरा वर्षं गेली. घरचे म्हणतात, व्यवसाय कसला, स्वभावच आहे तो. त्यामुळे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बर्फाच्या रिंकमध्ये कुडकुडत बसून लेकीच्या आइस हॉकी टीमची चूक मीच शोधून काढली, यात नवल नव्हतं. पण तेव्हा जीभ आवरली असती तर बरं झालं असतं.

मॅचचे व्हिडिओ मी गोलच्या मागच्या बाजूला वर बसून काढायचे, नागपूरला आईबाबांना पाठवायला. समोरच्या टीमची एखादी खेळाडू शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसली, की आमच्या पाचजणींसमोर चारच उरायच्या. हाच पॉवर प्ले. एवढी आयती संधी, आणि आमच्या मुली मंगळागौरीचा फेर धरल्यासारख्या कडेकडेनं पक, म्हणजे खेळायची चकती, एकमेकींना देत राहायच्या. कित्येक मॅचमध्ये एक गोल नाही. मी कोचबाईंना व्हिडिओ दाखवला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, गोलकीपरच्या अगदी पुढ्यात कुणीतरी उभं राहायला हवं, तिला पक दिसताच कामा नये.

त्यांना पटलं. पुढच्या प्रॅक्टिसला त्यांनी तिथं उभी केली ती माझीच चौदा वर्षांची मुलगी. टीममध्ये सगळ्यात उंच तीच होती.

मी काय सुचवलं होतं ते मला तेव्हा कळलं. ती चकती म्हणजे गोठवून दगडासारखं केलेलं रबर. मैत्रिणी लांबून ती सगळ्या ताकदीनं मारणार आणि ही वाटेत उभी राहणार. जाळीचं हेल्मेट, गळ्याचा पट्टा, पॅड्स, सगळं होतं. मला मात्र दोन पॅड्सच्या मधल्या फटीच दिसायला लागल्या. ऑफिसच्या मीटिंगमध्येही दिसायच्या.

पहिल्याच मॅचमध्ये एक पक तिच्या दंडावर बसला. ती गुडघ्यावर खाली गेली. ती उठली आणि परत तिथंच जाऊन उभी राहिली. त्या दिवशी पॉवर प्लेमध्ये दोन गोल झाले. सगळे नाचत होते, आणि मी तिचा हात हलतोय का ते बघत होते.

घरी दंड जांभळा झाला होता. "दुखतंय का गं?"

"आई, इट्स फाइन. आय लाइक इट देअर. मला कोणी हलवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी कोचबाईंनी विचारलं, गोलकीपरला खरंच दिसत नव्हतं का? बेंचवरून त्यांना नीट समजत नव्हतं. माझ्या व्हिडिओत गोलकीपर बिचारी पक शोधत डावी-उजवीकडे मान वाकवत होती. मी म्हणाले, व्हिडिओ नीट आला नाही, पण तिला सगळं दिसत होतं, गोल नशिबानं झाले. माझ्या नजरेवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी माझ्या मुलीला तिथून काढलं.

पुढच्या मॅचला जाताना लेक गाडीत हेल्मेटचा पट्टा उघडत-लावत होती. मग म्हणाली, "कोच म्हणाल्या आय वॉजन्ट हेल्पिंग. तू वरून बघतेस ना, आई? मी काय राँग करत होते?"

मी गाडीचा हीटर वाढवला. मला माझीच लाज वाटली, तरी भीती काही कमी झाली नाही.

त्या दिवशी गोलकीपरपुढे दुसरी मुलगी उभी राहिली, टीममधली सगळ्यात किडकिडीत. तिची आई दर मॅचला माझ्या शेजारी बसते, थर्मासातलं हॉट चॉकलेट मला देते. पहिला फटका आला आणि तिनं माझी बाही घट्ट पकडली. पक तिच्या मुलीच्या हेल्मेटला घासून गेला. हळूच तिनं मला विचारलं, ही कल्पना कुणाची असेल?

मी सांगितलं, "माझी."

ती माझ्याकडे बघत राहिली, पण बाही सोडली नाही. पहिल्या ब्रेकमध्ये मी खाली गेले आणि मागच्या मॅचचा व्हिडिओ लावून कोचबाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी दोन्ही गोल दोनदा बघितले. मग फोन परत देऊन माझ्या लेकीला हाक मारली.

पुढच्या पॉवर प्लेला माझी लेक बर्फावरून सरळ त्या जागेवर गेली आणि पाय रोवून उभी राहिली. शेजारणीनं श्वास सोडला, माझी बाही सोडली. मग मी तिची पकडली.