न पिणाऱ्या माणसाचं लिव्हर

डॉक्टरांनी ‘सिरॉसिस’ म्हटलं, तेव्हा बाबांनी आधी मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, “साहेब, मी तं कधी थेंबही घेतला नाही.”

“माहीत आहे. तुमच्या शुगरमुळे आणि फॅटी लिव्हरमुळे झालंय,” डॉक्टर म्हणाले. “दारू न पिताही होतं.”

मी भिलाईत नर्सिंगच्या मुलींना शिकवते. हे त्यांच्यासाठीच लिहिते आहे, कारण यातली मोठी चूक माझी आहे.

सिरॉसिस म्हणजे मऊ लिव्हर हळूहळू निबर होत जाणं, जखम भरल्यावर कातडी होते तसं. बाबांचे घोटे सुजत होते, दिवसभर थकवा असायचा, पोट पुढे आलं होतं. मी म्हणायची, स्टील प्लांटमधून रिटायर झाले, आता बसून पोट सुटणारच. पोटात पाणी साचलं होतं. त्याला असायटिस म्हणतात आणि तो मी दरवर्षी शिकवते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून बाबा विहारात नशाबंदीवर बोलायचे. जुनवानीत घर बांधल्यावरही ते सुटलं नाही. त्यामुळे दवाखान्यातून निघताना त्यांनी बजावलं, “कोणाले सांगू नको सुषमा. लोक म्हणतील, भाषण दिवसा अन् बाटली रात्री.”

आम्ही सगळ्यांना गॅसचा त्रास सांगितला.

घरी मीठ कमी केलं, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सुरू झाली, रोज सकाळी वजन. शिवाय लॅक्टुलोज नावाचं गोड सिरप. आतड्यात अमोनिया तयार होतो, तो गाळायचं काम लिव्हरचं. ते थकलं की अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. सिरप त्याला शौचावाटे बाहेर काढतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच व्हायलाच हवं. बाबांना नेमका त्याचाच राग.

एप्रिलमध्ये जयंती आली. विहारात बाबांचं भाषण ठरलं होतं. दोन दिवस आधी ते म्हणाले, “स्टेजवरून उठून पळू का मी? तवरोक राहू दे ते सिरप.”

मी हो म्हटलं. विद्यार्थिनीने असं उत्तर लिहिलं असतं तर मी तिला नापास केलं असतं.

आदल्या दिवशी बाबा दुपारभर झोपले आणि रात्री टक्क जागे होते. झोपेचं असं उलटणं हे पहिलं लक्षण. मला वाटलं, भाषणाची धास्ती.

माईकसमोर त्यांनी एकच वाक्य तीनदा म्हटलं. जीभ जड झाली होती. पायरी उतरताना तोल गेला आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “काका घेऊन आले वाटते.” दोघे-तिघे हसले. मला खरं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “ऊन लागलं.”

कॅज्युअल्टीत आधी शुगर तपासली, ती ठीक होती. मग डॉक्टरांनी बाबांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला लावले. पंजे पुन्हापुन्हा गळून पडत होते. याला फ्लॅपिंग ट्रेमर म्हणतात. आजाराचं नाव हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे लिव्हरमुळे मेंदूवर आलेली झापड.

“सिरप बंद केलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो. मीच केलं.”

एनिमा दिला, सिरप पुन्हा सुरू झालं. दोन दिवस बाबा मला आत्याच्या नावाने हाक मारत होते. तिसऱ्या दिवशी सुषमा म्हणाले आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्याच दुपारी त्यांनी फाइल वाचायला मागितली. सवयींच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अल्कोहोल – जुनी सवय’. लिहिणारी आमच्याच कॉलेजची थर्ड इयरची मुलगी, प्रीती. विहारातून सोबत आलेल्या लोकांची कुजबुज तिने ऐकली, त्यात लिव्हरचा पेशंट, म्हणून लिहून मोकळी झाली. मी तिला फैलावर घेतलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, “तिले कावून बोलून राहिली? आपण लपवलं, तिनं अंदाज लावला.” मग प्रीतीकडे वळून म्हणाले, “बेटी, मले विचार.”

तिने स्टूल ओढलं आणि विचारलं. उत्तर ऐकून जुन्या शब्दांवर एक रेघ मारली, बाजूला नवीन लिहून सही केली.

बाबांचं लिव्हर पहिल्यासारखं होणार नाही. आहे ते सांभाळायचं, एवढंच आता हातात आहे.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी ते विहारात गेले. वंदना झाल्यावर उभे राहिले. “मले लिव्हरचा आजार आहे. त्या दिवशी मी पिऊन नव्हतो, माझं औषध सुटलं होतं.” सगळे उठून चपला शोधू लागले. मला वाटलं, विश्वासच बसला नसेल.

लोक पांगल्यावर मागच्या गल्लीतल्या एक बाई बाबांजवळ आल्या. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, “भाऊ, आमच्या घरच्यायचेही पाय सुजून राहिले. पोटही वाढलं. ते पण घेत नाहीत, पण लोकायले काय सांगू म्हणून दवाखान्यातच नेलं नाही.”

बाबांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “कधीपासून?”