पांढऱ्या घटाचं नवरात्र

त्या वर्षी आमच्या एग्मोरच्या फ्लॅटमध्ये घटातले गहू उगवले ते पांढरेशुभ्र. ते बघून सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या, तोंडचं पाणीच पळालं. दसरा झाला की सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि अम्मांच्या तंजावरच्या माहेरी घटाचा रंग बघून पुढचं वर्ष कसं जाणार ते ठरायचं.

"ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या. "देवीच नको म्हणत्ये."

माझं डोकं फिरलं. प्रयोगशाळेत दिवसभर मी तणनाशकंच अभ्यासते! घटाची माती अम्मांनी बिल्डिंगच्या मागून आणली होती, आणि तिथल्या गवतावर असोसिएशनने नुकतंच औषध मारलं होतं. मी समजावून सांगितलं, की काही तणनाशकं पानात पिवळा रंग तयारच होऊ देत नाहीत. तो पिवळा रंग म्हणजे हिरव्याची छत्री. छत्री गेली की उजेडच हिरवा रंग जाळून टाकतो.

अम्मांनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. "म्हणजे उजेड नको. सरी, ठरलं."

पडदे ओढले गेले. ट्यूबलाइट बंद, फ्रिजमधला बल्बसुद्धा काढला. उरला फक्त घटापुढचा नंदादीप. गोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, बघायला आलेल्या बायका चाचपडत आत यायच्या, प्रसादाचं सुंडल हातात घ्यायच्या आणि बाहुल्या समजून आरामखुर्चीतल्या अप्पांना नमस्कार करायच्या. अप्पांनी आशीर्वाद दिला, की किंकाळी उठायची.

"हृदयाचं राहू द्या," ते म्हणाले, "आधी माझा गुडघा फुटणार."

मी चिडचिड करत होते, पण पडदा मीही उघडत नव्हते. उगाच अप्पांना काही झालं तर?

गव्हाचं पान बुडाकडून वाढतं. दसऱ्याला शेंडे पांढरेच होते, बुडाशी मात्र फिकट हिरवं दिसलं. अम्मा ढसाढसा रडल्या आणि ते अंकुर त्यांनी अप्पांच्या कानामागे खोवले. ऑपरेशनला होकार मिळाला.

हॉस्पिटलात अप्पांचं स्ट्रेचर आत जाताना थिएटरचं दार उघडलं आणि टेबलावरचा तो भलामोठा दिवा दिसला. अम्मांनी सर्जनची बाहीच धरली.

"डॉक्टर, तो लाइट जरा कमी करा."

सर्जनने माझ्याकडे पाहिलं. घरातलं शिकलेलं माणूस मीच दिसत असणार.

"जमलं तर बघा ना, डॉक्टर," मी म्हणाले.