मधली चार मिनिटं

"आधी पंखा बंद करा सर," म्हणत ती उजव्या हाताचा पंजा हवेत धरायची. मग कार्यालयात मुख्याध्यापकानंही, म्हणजे मी, श्वास जपून घ्यायचा. कानांवर हेडफोन चढवून ती रिकामी खोली ऐकत बसायची. बाहेर टाकीपाशी पोरांचा गलका चाललेला असे. तो थांबवायला मात्र तिनं कधी कुणाला पाठवलं नाही. "पोरांचा रेडिओ हाय सर. पोरं तर ऐकू येणारच."

शाळेमागच्या गल्लीतल्या टेलरची ती मुलगी. बारावी झालेली. पोरं तिला आपा म्हणत, म्हणून मीही इथं आपाच लिहितो.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. जालन्याच्या एका संस्थेनं परतूर तालुक्यातल्या काही गावांत तरुण मुलामुलींना टेपरेकॉर्डर, एक माईक आणि तीन दिवसांचं शिक्षण दिलं होतं. मुलांचे हक्क मुलांच्याच आवाजात गावापुढं यावेत, असा हेतू. खरं रेडिओ केंद्र काढायला तेव्हा परवानगी नव्हती. म्हणून अर्ध्या तासाची कॅसेट भरायची आणि बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून वाजवायची. पंचायतीची अट एकच होती. मुख्याध्यापकानं आधी ऐकून चिठ्ठीवर सही करायची.

आपाचं काम तुम्ही पाहायला हवं होतं. पोरगं घाबरून भरभर बोलायला लागलं की ती टेप थांबवायची. "सावकाश. कुणी पळून न्हाई चाल्लं." छडी खाल्लेल्या पोराला सांगायची, "मास्तरचं नाव नको. दुखलं किती, ते सांग." ते मास्तर माझ्याच शाळेतले. भोंग्यावरून ते ऐकू आलं आणि आठवडाभर शाळेतल्या छड्या दिसेनाशा झाल्या.

मी तिला चिडवलं, "माझी शाळा बंद पाडतेस का ग?"

"न्हाई सर. तुमच्या शाळंत पोरं टिकवून राह्यले."

कार्यक्रम भरून झाला की कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे बारके तुकडे ती नखानं मोडायची. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "आता बिलकुल पुसणार न्हाई," म्हणून हात झटकायची.

एका दिवाळीनंतर सातवीतली एक मुलगी तिच्याकडे आली. ऊसतोडीच्या टोळीला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. टोळी निघण्याआधी या मुलीचं लग्न उरकायचं ठरलं होतं. घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. माईकसमोर ती चार मिनिटं बोलली. "आबा, मला सातवी पास होऊ द्या. एक वर्स थांबा. घरचं समदं काम करीन." आपानं तिला एकदाही थांबवलं नाही.

"तिचा बाप बाजारात भोंग्याखाली उभा राहणार हाय," आपा मला म्हणाली. "पोरीनं तसं कबूल करून घेतलंय. घरात न्हाई ऐकलं, चारचौघांत ऐकंल."

मला कुणी धमकी दिली नव्हती. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलो. टोळीचा मुकादम सरपंचाचा मेहुणा होता, एवढंच ठाऊक होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शाळेच्या दारात माणसं येऊन भांडावीत, हे मला नको होतं. सही नाकारली असती तर आपाला कारण सांगावं लागलं असतं. तेवढी छाती नव्हती.

मी सही केली. मग दुपारी कार्यालयाचं दार लावून घेतलं, कॅसेटच्या मोडक्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि माईक न जोडताच ती चार मिनिटं पुन्हा भरली. पट्टी काढून टाकली.

बाजाराच्या दिवशी भोंगा लागला. टाकीला झाकण नाही, ते झालं. कापूस वेचायला जाणाऱ्या पोरींचं झालं. मग नुसती खरखर. मिरच्या विकणारी बाई म्हणाली, "रेडिओला डुलकी लागली बघा!" लोक हसले. ती मुलगी बापाचा सदरा धरून भोंग्याखाली उभी होती. बापानं वाट पाहिली. खरंच पाहिली, मान वर करून त्यानं कान दिला होता. मग म्हणाला, "कुठं हाय ग तुझं? चल, बांगड्या भरायच्यात."

संध्याकाळी आपा आली. "सर, म्या पुरं ऐकल्तं. तरीबी माझ्याच हातनं काही झालं असंल."

"जुनं मशीन आहे. होतं असं," मी म्हणालो.

पुढच्या बाजाराच्या आत लग्न होतं. माझ्याकडून निघून आपानं त्याच रात्री मुलीचं घर गाठलं. बापानं दारातूनच हात जोडले.

लग्नानंतर आपानं माईक माझ्या टेबलावर आणून ठेवला. "पोरींनी भरवसा ठेवावा असं माझं काम न्हाई, सर." मी तो कपाटात ठेवून दिला. पोरांचा रेडिओ तिथंच थांबला. पुढं लग्न होऊन आपा जालन्याला गेली. पत्ता मला माहीत आहे. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, एसटीही होती. मी गेलो नाही. गावात अजून विषय निघाला की लोक म्हणतात, टेलरच्या पोरीला मशीन जमलं नाही. ते खोटं आहे. मशीन चांगलं होतं, तिचं कामही चांगलं होतं. ती चार मिनिटं मी पुसली.

टोळी निघाली ती सकाळ मला विसरता येत नाही. शाळेसमोर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, एक शेळी आणि हिरव्या चुड्यातली ती मुलगी. आपा ट्रॉलीची फळी धरून उभी होती.

"माझ्याकडून चुकलं ग. माफ कर."

"असू दे आपा," मुलगी म्हणाली. "पण म्या बराबर बोलल्ते ना?"

"एकदम बराबर."

ट्रॅक्टर हलला. आपानं फळी सोडली नाही. ती बाजूनं चालत राहिली, मग पळू लागली. मी शाळेच्या फाटकात होतो, दहा पावलांवर. शाळा भरायची वेळ झाली होती. मी शिपायाला घंटा द्यायला सांगितलं.