आईच्या नावाची ओळ
निळ्या गुलालाचा वास आला की आमच्या गावातली जयंतीची ती मिरवणूक आठवते. तेव्हा आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची. शाळा तिने पाहिलीच नव्हती, कागदावर अंगठा द्यायची. गाणी मात्र स्वतः रचायची आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायची. घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिली. मीच तिचं एक गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं होतं. मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरून अचानक तिचाच आवाज घुमला, खाली दणदणीत ठोके, आणि अख्खी गल्ली नाचायला लागली. आई थक्क होऊन ऐकत राहिली. गाणं संपलं तशी गाडीजवळ गेली. "काऊन रे बापू, शेवटची ओळ कुठी गेली?" डीजेवाला म्हणाला, "बीटमंदी बसत नव्हती, मावशी. अन् नेटवरचं गाणं कोणाचं नसते." मी कॉपीराइटचा कायदा सांगायला तोंड उघडलं, तर आईने मला मागे सारलं. "वाजव ना तू, माही ना नाही. पन ते ओळ माही सही हाय. सही कापतेत का कोनी?" त्याने मान खाली घातली आणि माइक तिच्या हातात दिला. ठोके पुन्हा सुरू झाले. आईने श्वास घेतला आणि आपल्या नावाची ओळ त्या ठोक्यांवर अशी बसवली, की नाचणारे पाय जागीच थांबले. पुढे डीजेवाल्याने ती ओळ जोडून गाणं नव्याने टाकलं. गीत आणि आवाज, दोन्हीपुढे आज माझ्या आईचं नाव आहे.