पान सतरा

दुपारचे अडीच. पोटात मसालेभात आणि वर दोन गुलाबजाम, डोक्यावर एसी, पडद्यावर सरकणारी समीकरणं. पहिल्या रांगेत बसलेल्या हेमांगी पेठेंची मान छातीवर टेकते, दचकून वर येते, पुन्हा टेकते. सत्राच्या अध्यक्षाच त्या, पण झोपेला कसला मान! समोर फलक आहे: 'कै. नाडगौडा स्मृती कार्यशाळा – यंत्रशिक्षणाचा गणिती पाया'. त्याखाली सरांचा फोटो, झेंडूचा हार. विभागप्रमुख खांबेटे मघापासून 'नाडगौडा-पेठे प्रमेया'चा उदो उदो करताहेत. उदाहरणांवरून शिकलेलं यंत्र न पाहिलेल्या उदाहरणांवर फार तर किती चुकेल, याची हमी देणारं हे प्रमेय. ते चूक आहे. हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातले एक आता फोटोत आहेत.

शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसतं. तपकिरीचा वास येतो.

"हार कुणी घातला गं? झेंडूनं मला शिंका येतात."

"सर, तुम्ही?"

"आणि हा खांबेटे बघ, पायरी न दाखवताच 'स्पष्टच आहे' म्हणून पुढे पळाला. शी!"

हेमांगीला नवल वाटत नाही. सभागृहाच्या खुर्च्या आता हॉस्पिटलच्या खाटा आहेत. प्रत्येक खाटेवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एकेक प्राध्यापक पडलाय आणि पडल्या पडल्या टाळ्या वाजवतोय. खांबेटे खाटांमधून स्मृतिचिन्हं वाटत फिरतात. त्यांच्या बोटांना पाक लागलाय, स्मृतिचिन्ह हाताला चिकटतं ते सुटत नाही. 

सर उशीला टेकून बसलेत, शेवटच्या आठवड्यात बसायचे तसे.

"याच खाटेवर सांगितलं होतं तुला. ज्या उदाहरणांवरून नियम निवडला, त्यांच्यावरच तपासला आपण. मुलांना पेपर आधी वाचून दाखवायचा नि मग परीक्षा घ्यायची! कळवून टाक म्हटलं होतं."

"माझी बढती अडकली असती, सर."

"मिळाली?"

"मिळाली."

"मग?"

"किळस येते. या सगळ्यांची. त्याहून माझी."

"माझी नाही येत? चूक माझ्याच हातची."

"तुम्ही कबूल केलीत."

 खाट आता त्यांच्या खोलीतलं टेबल आहे, आणि हेमांगी बावीस वर्षांची. सरांची रीत ठरलेली. सिद्धता तपासताना ते कधी शेरा मारत नसत. चूक असेल त्या पानाचा खालचा कोपरा आत मुडपून, नखानं घडी दाबून वही परत देत. ओळ विद्यार्थ्यानं शोधायची. ती दुरुस्त होईतो पुढची वही हातात घेत नसत.

ते जिभेला बोट लावून पानं उलटतात.

"सर, नका."

"पुढची वही मी घेणार नाही, हेमांगी."

टाळ्यांनी तिला जाग येते. शेजारची खुर्ची रिकामी आहे. मांडीवर कार्यशाळेची पुस्तिका. सकाळी हातात पडल्यापासून तिनं ती उघडलीसुद्धा नव्हती, इतका वीट आला होता. आता ती सतराव्या पानावर उघडी आहे, 'स्पष्टच आहे' छापलंय तिथंच. खालचा कोपरा आत मुडपलेला. घडीवर नख फिरवलेलं.

"तर अध्यक्ष मॅडम," खांबेटे हसून म्हणतात, "कुणाला शंका नसेल तर आभारांकडे वळू या?"

हेमांगी उठून उभी राहते. 

"पुस्तिकेतलं पान सतरा काढा," ती म्हणते. "सगळ्यांनी."